पाहुण्यांची मुलाखत : ऑनलाइन वर्गासाठी एक स्वाध्याय

ऑनलाइन तासाला मुलं खरंच ऐकतात का, हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. २०२० च्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या. तेव्हा चौथीच्या वर्गासाठी मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वीस मिनिटं गूगल मीटवर बोलावलं. विषय होता सर्पदंश.

आधीच्या मुलाखतीत सगळे प्रश्न मीच विचारले होते, मुलं नुसती बघत बसली. म्हणून या वेळी तीन टप्पे केले.

१) मुलाखतीआधी : घरच्यांशी बोलून प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांचे प्रश्न मी साध्या फोनवरून घेतले आणि उत्तरंही तशीच कळवली.

२) मुलाखतीत : प्रश्न मुलांनीच विचारायचे. उत्तर ऐकून एक उपप्रश्न विचारायचा.

३) नंतर : पाच वाक्यं लिहून घरी वाचून दाखवायची.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही नावं मुलांना ठाऊक होती. पण एका मुलीने विचारलं, "आमचे आजोबा दोरी घट्ट बांधतात. ते चूक आहे का?" डॉक्टर म्हणाले, "हो. त्याने रक्तपुरवठा थांबतो. जखम कापू नका, चोखू नका. हात-पाय न हलवता लगेच दवाखान्यात आणा. प्रतिविष तिथेच मिळतं."

तिने ते आजोबांना वाचून दाखवलं. आजोबा आधी रागावले, मग म्हणाले, "परत वाच."

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. म्हणून प्रश्न मुलांनाच काढू द्या.