दुसरा प्रश्न

फायनान्सच्या नोकरीच्या मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला मुलं सहसा अडत नाहीत. घसारा १० लाखांनी वाढला तर तिन्ही विवरणांवर काय परिणाम होईल, हा प्रश्न इतका फिरून झालाय की त्याचं उत्तर तोंडपाठ असतं. करपूर्व नफा १० लाखांनी घटतो. कर २५ टक्के धरला तर निव्वळ नफा साडेसात लाखांनी कमी होतो. घसाऱ्यात पैसे बाहेर जात नाहीत म्हणून ते १० लाख परत मिळवायचे, की रोकड अडीच लाखांनी वाढलेली दिसते. ताळेबंदात यंत्रं १० लाखांनी खाली, रोकड अडीच लाखांनी वर, भागधारकांचा निधी साडेसात लाखांनी खाली. दोन्ही बाजू जुळल्या. समोरचा मुलगा सुटकेचा श्वास सोडतो.

मग मी विचारते, “कर खरंच कमी भरावा लागेल का?”

मी बँकेत उद्योगांना कर्ज देणाऱ्या विभागात काम करते. कॉलेजांतून नव्या मुलांची निवड करायला आमचं जे पॅनेल जातं, त्यात बरीच वर्षं बसते आहे. बहुतेक मुलाखती याच प्रश्नापाशी थांबतात. कंपनीच्या पुस्तकातला घसारा कंपनी कायद्यानुसार, यंत्राचं उपयुक्त आयुष्य धरून काढलेला असतो. प्राप्तिकर खातं तो मोजत नाही. त्याचा हिशेब वेगळा: मालमत्तांचे गट, प्रत्येक गटाला ठरलेला दर, आणि तो घटत्या बाकीवर. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला हा दर १५ टक्के आहे. म्हणजे कंपनीने नुसत्या स्वतःच्या पुस्तकात घसारा वाढवला, तर यंदाच्या करात एका रुपयाचाही फरक पडत नाही आणि रोकड जिथल्या तिथे राहते. अडीच लाखांचा फरक जातो स्थगित कराच्या खात्यात. पाठ केलेलं उत्तर ‘दोन्हीकडचा घसारा सारखाच’ हे गृहीत धरून बसलेलं असतं, आणि पाठ करणाऱ्याला ते गृहीतक कधी दिसलेलंच नसतं.

स्थगित कर नेमका आठवला नाही म्हणून आम्ही कुणाला नापास करत नाही. “कर खात्याचा घसाराही वाढलाय का, हे आधी बघावं लागेल,” एवढं म्हणणारा मुलगा किंवा मुलगी भेटली की पॅनेलमधले आम्ही सगळे सावरून बसतो. कर्जाच्या कामात रोज हेच करायचं असतं. समोर आकडा येतो, आणि तो कशावर उभा आहे ते विचारायचं असतं.

म्हणून तयारीला लागलेल्या मुलांना मी सांगते, की प्रश्नसंच बाजूला ठेवा आणि एक कंपनी घ्या. एकच. शक्यतो कारखाना असलेली, जिचा माल तुम्ही हातात धरला आहे अशी. तिचे वार्षिक अहवाल मुंबई शेअर बाजाराच्या आणि एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लागोपाठच्या तीन-चार वर्षांचे अहवाल उतरवून घ्या. अध्यक्षांचं भाषण आणि रंगीत पानं नंतर वाचा. सुरुवात रोकड प्रवाहाच्या विवरणापासून करा आणि दरवर्षीचा निव्वळ नफा व्यवसायातून आलेल्या रोकडीशेजारी लिहून काढा. नफा वाढतोय आणि रोकड येत नाही, असं दिसलं तर पैसा अडकला कुठे ते शोधा: ग्राहकांकडच्या उधारीत, गोदामातल्या मालात, की पुरवठादारांना आधीच देऊन ठेवलेल्या रकमेत? त्यासाठी टिपा वाचाव्या लागतात. टिपांमध्येच संबंधित पक्षांबरोबरचे व्यवहार असतात, आणि जी देणी अजून अंगावर आलेली नाहीत पण येऊ शकतात, तीही.

मग लेखापरीक्षकाचा अहवाल. बँकेत जायचं असेल तर त्याच्या जोडपत्रातला एक मुद्दा जरूर बघा. चालू मालमत्तेच्या तारणावर पाच कोटींहून अधिक खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर असेल, तर कंपनीने बँकेला दिलेली तिमाही विवरणं तिच्या पुस्तकांशी जुळतात का, हे ऑडिटरला तिथे लिहावं लागतं. ‘कारो २०२०’ या आदेशाने ही तरतूद आणली. बँकेला माल एक दाखवायचा आणि पुस्तकात दुसराच ठेवायचा, हा प्रकार तिथे उघडा पडतो. मुलाखतीत एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःहून हे सांगितलं, तर मी पुढचे बरेचसे प्रश्न विचारतच नाही.

सत्यम कॉम्प्युटर्सचं प्रकरणही याच नजरेने वाचा. जानेवारी २००९ मध्ये कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली, की पुस्तकात दाखवलेली सुमारे ५,००० कोटींची बँकेतली शिल्लक मुळात नव्हतीच. ‘नफा खोटा असू शकतो, रोकड खोटी नसते’ असं वर्गात शिकलेल्यांनी यावर थोडा वेळ घालवावा. रोकड खरी आहे का, हे बाहेरच्या माणसाने कसं ताडायचं? तिच्यावर मिळालेलं व्याज बघा, बँकेत एवढा पैसा पडून असताना कंपनी कर्ज का काढते ते विचारा.

एक मुलाखत मला फार लागली. मुलगा सांगलीकडचा, गुण उत्तम. एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचं मूल्यांकन करणारं मॉडेल त्याने प्रकल्प म्हणून तयार केलं होतं आणि ते तो घडाघडा सांगत होता. अर्जावरून कळलं की घरी ऊस आहे. मी विचारलं, “तुमचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याला खेळत्या भांडवलाचं कर्ज का लागतं?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “मॅडम, हे सिलॅबसमध्ये नव्हतं.”

खरं तर याहून चांगलं उदाहरण त्याला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचे, पैसे शेतकऱ्याला द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. साखर मात्र वर्षभर विकायची असते, तीही केंद्र सरकार महिन्याला जेवढा कोटा देईल तेवढीच. कच्चा माल पाच-सहा महिन्यांत घ्यायचा, त्याचे पैसे लगेच द्यायचे, आणि पक्का माल बारा महिने हळूहळू विकायचा. मधली दरी बँक भरते. गोदामातली पोती तारण, त्यांच्या मूल्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत उचल. आता पुढे चला. साखरेचा भाव पडला तर पोत्याचं मूल्य घटतं आणि उचलीची मर्यादाही घटते, पण उसाचं देणं तेवढंच राहतं. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला गेला, तो बँकेला का महत्त्वाचा वाटतो, हे यातून आपोआप कळतं. इथेनॉलकडे वळलेल्या कारखान्याचा पैसा लवकर का फिरतो, तेही. खेळतं भांडवल, साठा, तारण, सरकारी धोरणाची जोखीम, हे सगळं त्या मुलाच्या घरी जेवताना बोललं जात असणार. वडिलांचं बिल अडकलं की घरात काय होतं, हे तो आमच्यापेक्षा चांगलं जाणत होता. ते ज्ञान फायनान्स आहे, हे त्याला शिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं. दोष मी त्याला देत नाही. त्याच्या जागी बसणाऱ्यांना एवढंच सांगते, की घरी यंत्रमाग असोत, द्राक्षबाग असो, किराणा दुकान असो वा काजूची फॅक्टरी, तिथला पैसा कधी बाहेर जातो आणि कधी परत येतो, ते कागदावर मांडा. आई-वडिलांना विचारा, ते हौसेने सांगतात.

चालू घडामोडींचंही तसंच. रेपो दर किती, हे मुलाखतीच्या सकाळी बघून जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात आणि महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, तेही पाठ करता येतं. दुसरा प्रश्न असा येतो: “रेपो पाव टक्क्याने उतरला, बँकेला फायदा की तोटा?” ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरकर्जासारखी नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची कर्जं बाहेरच्या निर्देशांकाशी जोडावी लागतात, आणि बहुतेकांनी तो निर्देशांक म्हणून रेपोच घेतला. त्यामुळे कर्जावरचं व्याज पटकन उतरतं. मुदत ठेवींचा दर मात्र मुदत संपेपर्यंत जुनाच राहतो. म्हणून सुरुवातीला बँकेचं व्याजातलं अंतर कमी होतं. बँकेचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, का काढत नाहीत, याचंही उत्तर याच वाटेने मिळतं. व्याज हाच बँकेचा कच्चा माल, तो वगळून नफा मोजण्यात अर्थ काय?

इंग्रजीची भीती मी जवळून पाहिली आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहिते. इंग्रजी लागतं. नोट इंग्रजीत लिहावी लागते, बैठका इंग्रजीत होतात. पण माझ्या पाहण्यात इंग्रजीमुळे हुकलेल्या मुलाखतींपेक्षा मुद्दाच न समजल्याने हुकलेल्या कितीतरी जास्त आहेत. आधी तो मुद्दा घरातल्या कुणाला तरी मराठीत समजावून सांगा. त्यांनी “म्हणजे काय?” असं विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं, तर मुद्दा तुमचा झाला. मग तोच इंग्रजीत, मोठ्याने, छोट्या वाक्यांत. आरशासमोर नको, मित्रासमोर. आरसा प्रश्न विचारत नाही.

बायोडेटात जे लिहिलं आहे त्याच्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येणार, हे धरून चाला. प्रकल्पात वाढीचा दर ५ टक्के धरला असेल तर ५ का, ७ का नाही, हे सांगता आलं पाहिजे. गटाने केलेल्या प्रकल्पातलं तुमचं काम कोणतं, तेही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले, ती. माझी पहिली नोकरी जाहिरातीत ‘वित्तीय विश्लेषक’ म्हणून होती. मुलाखत छान झाली, ताळेबंदावर प्रश्नही विचारले गेले. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नातेवाईकांची आणि ओळखीच्यांची यादी मागितली गेली आणि विमा पॉलिसी विकण्याचं मासिक लक्ष्य हातात ठेवलं गेलं. विक्री हे वाईट काम नाही, ती मनापासून आवडणारी आणि त्यात फार पुढे गेलेली माणसं मला माहीत आहेत. मला जे काम सांगितलं होतं, ते मात्र त्या कार्यालयात अस्तित्वातच नव्हतं. माझ्या मावशीने केवळ माझ्यासाठी घेतलेल्या पॉलिसीचे हप्ते ती पुढे कितीतरी दिवस ओढत होती. माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलीला नोकरी सोडायची होती, पण तिची मूळ गुणपत्रकं कंपनीने ठेवून घेतली होती.

त्यामुळे मुलाखतीच्या शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं म्हटलं, की “नो, थँक यू” म्हणून उठू नका. विचारा, की या जागेवर सध्या जी व्यक्ती आहे, तिचा कालचा दिवस कसा गेला? विक्रीचं लक्ष्य आहे का, ते पूर्ण झालं नाही तर काय होतं? सांगितलेल्या वार्षिक आकड्यातला पक्का पगार किती, आणि कामगिरीवर अवलंबून किती? दर महिन्याला हातात नेमकं काय पडेल? नीट कामाला माणूस शोधणारं पॅनेल अशा प्रश्नांनी कधीच दुखावत नाही. मी तरी दुखावत नाही, उलट नोंद करून ठेवते.

नेमणूकपत्र हातात आलं की सही करण्याआधी ते घरी नेऊन वाचायला वेळ मागा. ठरावीक काळ सोडता येणार नाही अशी अट आहे का, असेल तर रक्कम किती, प्रशिक्षणाच्या नावाखाली तुमच्याकडून शुल्क घेतलं जाणार आहे का, त्यासाठी तुमच्याच नावावर कर्ज काढलं जाणार आहे का, हे शब्दन्‌शब्द वाचा. कळलं नाही तर ओळखीच्या सीएला किंवा वकिलाला दाखवा. कागदपत्रांच्या तपासणीला मूळ गुणपत्रकं न्या, तुमच्यासमोर झेरॉक्सशी ताडून घेऊ द्या, आणि निघताना पिशवीत परत आली आहेत का, ते तिथेच मोजून बघा.