रक्ताचा कॅन्सर आणि तो एक रिपोर्ट

शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर आरोग्याची बैठक घेतली आणि रक्ताच्या कॅन्सरचा विषय निघाला, की आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, हे आईकडून आलं का बापाकडून?" लेकरू आजारी पडले की बोट सुनेकडेच जाते. म्हणून आधी हेच सांगतो. हा आजार बहुतेक वेळा वारशाने येत नाही. मागच्या जन्माचा तर संबंधच नाही.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. हाडाच्या मगजात रक्तपेशी तयार होताना कधी दोन गुणसूत्रे तुटतात आणि त्यांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. दौंड जंक्शनवर दोन गाड्यांचे मागचे डबे बदलले जावेत, तसे. जोडाच्या जागी दोन जनुके एक होतात आणि पेशीला चुकीचा हुकूम देतात. मग ती पेशी पक्व न होता वाढतच राहते. सुरुवात होते ती त्या एका माणसाच्या एका पेशीत.

कोणते तुकडे बदलले, यावर औषध ठरते. ९ आणि २२ क्रमांकांची अदलाबदल शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवली. ती जुनाट प्रकारात सापडली, पण तीव्र प्रकाराच्या काही रोग्यांतही असते. त्यावर इमॅटिनिबची गोळी आहे. तिच्या नव्या रूपाला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारले, म्हणून स्वस्त देशी गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

१५ आणि १७ ची अदलाबदल असेल तर घाई करा. हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग पडतात, मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस काही दिवसांत जाऊ शकतो. म्हणून नुसता संशय आला तरी डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध सुरू करतात. सोबत सोमल देतात. होय, तोच विषारी सोमल! पण तो शिरेतून, मोजून, हृदयाचा आलेख बघत. वैदूच्या पुडीतला नव्हे. वेळेत पोहोचलेले बहुतेक रोगी यातून बरे होतात.

आमच्या ओळखीच्या एका मुलाचा मगज काढला, पण गुणसूत्रांचा रिपोर्ट फाईलला लागलाच नाही. पुढच्या दवाखान्यात पुन्हा सुई टोचली, आठवडा गेला. म्हणून पुण्या-मुंबईला जाल तेव्हा विचारा: "गुणसूत्रांची, फिशची किंवा पीसीआरची तपासणी पाठवली का? कागद कधी मिळेल?" त्याची झेरॉक्स घरी ठेवा. रेशनकार्ड, आधार बरोबर घ्या आणि महात्मा फुले योजनेसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.