चाकाचा नट किती आवळावा?

नट आवळणे हा काय अभ्यासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. पाना घ्यावा, अंगातील सारी शक्ती लावावी, की झाले! परंतु या साध्या कृतीच्या पोटी पदार्थविज्ञानाचे दोन मोठे नियम दडलेले आहेत, आणि त्यांची उपेक्षा केल्यास तिचे मोल रस्त्यावर माणसाच्या प्राणाने मोजावे लागते. म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे.

अमेरिकेतील ‘ट्रॅव्हल ट्रेलर’चे उदाहरण घेऊ. सुटीत प्रवासास निघालेली तेथील अनेक कुटुंबे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरील घरच मोटारीमागे जोडून ओढत नेतात. मोटारीचे पुढचे चाक सैल झाले तर त्याचे हादरे चालकाच्या हाताला जाणवतात. मागील ट्रेलरचे चाक डगमगू लागले तर त्याला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी घेतलेली दक्षता हाच तेथे खरा आधार होय.

आता नट करतो काय ते पाहू. नट आवळला म्हणजे बोल्ट अगदी केसभर ताणला जातो. ताणलेला बोल्ट स्प्रिंगप्रमाणे आपल्या मूळ लांबीवर येऊ पाहतो व त्या ओढीने चाक हबवर घट्ट दाबले जाते. या दाबातून उत्पन्न होणारे घर्षणच चाकाला जागच्या जागी धरून ठेवते. ताण आणि वाढ यांचे हे प्रमाण रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केले. मात्र ते एका मर्यादेपर्यंतच टिकते. नट सैल राहिला तर चाक किंचित हलते, प्रत्येक फेऱ्यागणिक बोल्ट वाकतो, आणि पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तुटावी तसा अखेर तुटतो. फाजील आवळला तर बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जाऊन पूर्ववत होत नाही, त्याचे आटेही बिघडतात. म्हणजे दोन्ही वाटा एकाच संकटाकडे जातात.

मग योग्य माप कोणते? येथे दुसरा नियम, तरफेचा, उपयोगी पडतो. लावलेले बल आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे ‘टॉर्क’, अर्थात फिरविणारा जोर. अर्धा इंच जाडीच्या बोल्टांसाठी सामान्यतः ९० ते १२० फूट-पौंड टॉर्क सांगितलेला असतो. १०० फूट-पौंड म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे १४ किलोग्रॅम वजन टांगल्याइतका जोर. साठ किलो वजनाचा मनुष्य अर्ध्या मीटरच्या पान्यावर उभा राहिला, तर त्याच्या दुपटीहून अधिक जोर पडतो! म्हणून ‘टॉर्क पाना’ वापरतात. ठरविलेले माप भरताच तो ‘टक्’ असा आवाज करून सूचना देतो.

कृतीचा क्रम असा :

१. आटे स्वच्छ व कोरडे असावेत. तेल लावल्यास घर्षण घटते आणि त्याच टॉर्कने बोल्ट अधिक ताणला जातो.

२. सर्व नट प्रथम हातानेच बसवावेत.

३. शेजारचे नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक हबवर सपाट बसते.

४. तीन टप्प्यांत आवळावे : प्रथम २० ते २५, मग ५० ते ६०, शेवटी पूर्ण माप.

५. नवे चाक बसविल्यावर रंगाचा थर दबून पकड ढिली होऊ शकते. म्हणून १०, २५ व ५० मैलांनंतर नट पुन्हा तपासावेत.

प्रत्येक वाहनाचे माप निराळे असते. त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

आमची सहलीची बस घाट उतरते, तेव्हाही तिची चाके याच नियमांच्या आधारे फिरत असतात. ‘अति तेथे माती’ ही म्हण आपण जेवणाखाण्याला आणि बोलण्याचालण्याला लावतो. ती लोखंडालाही तितकीच लागू आहे. बळ असणे चांगले, परंतु ते कोठवर लावावे हे मोजून ठरविणे, हीच विज्ञानाची शिकवण होय.