पुली सर्वांत शेवटी

ओंकार,

कॉव्हेंट्रीत जुनी मिनी कूपर एस घेतलीस आणि आता तिच्या सुपरचार्जरची पुली काढून १५ टक्के लहान पुली चढवायची म्हणतोस. ती काढायची कशी, एवढंच तू विचारलंस. ते सांगतोच, पण माझं मत आधी ऐक. या गाडीवर करायच्या कामांत पुलीचा नंबर शेवटचा. त्याआधीची कामं नीट झाली तर कदाचित तिची गरजच वाटणार नाही.

आधी हिशेब. पुलीचा व्यास १५ टक्क्यांनी घटला म्हणून सुपरचार्जरचे फेरे १५ टक्क्यांनीच वाढतात असं नाही. १ ला ०.८५ ने भाग, उत्तर १.१७६ येतं, म्हणजे वाढ साडेसतरा टक्क्यांच्या वर. १९ टक्के लहान पुली घेतलीस तर साडेतेवीसच्या आसपास. आता दाबाकडे बघ. या इंजिनाचा मूळ बूस्ट साधारण ०.८ बार, म्हणजे वातावरण धरून एकूण १.८. हा एकूण दाब फेऱ्यांच्या प्रमाणात वाढेल असं धरलं तर तो २.१ च्या पुढे जातो आणि बूस्ट १.१ वर. कागदावर जवळजवळ चाळीस टक्के वाढ! प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, आणि का मिळत नाही यातच सगळी गोम आहे. तुझ्या गाडीतला ईटनचा एम४५ सुपरचार्जर रूट्स जातीचा आहे. रूट्स बंधूंनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १८६० मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, ते हवा फुंकणाऱ्या यंत्रासाठी. हे यंत्र हवा आत दाबत नाही. एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूला ढकलतं, आणि बाहेर साठलेली दाबाची हवा तोंडाशी उलटी घुसते तेव्हा ती दाबली जाते. त्यामुळे दाब जितका वाढवशील, तितकी खर्चलेल्या ताकदीतली जास्त ताकद हवा तापवण्यात जाते. ती थंड करायला इंजिनाच्या डोक्यावर छोटा इंटरकूलर आहे, आणि त्याला वारा मिळतो बॉनेटच्या खाचेतून, तोही गाडी पळत असेल तेव्हाच.

आता गाडीचं वय. या पिढीची हॅचबॅक कूपर एस २००६ मध्ये बंद झाली आणि पुढच्या पिढीत सुपरचार्जर जाऊन टर्बो आला. म्हणजे सगळ्यात तरुण नगसुद्धा आता जवळजवळ वीस वर्षांचा. या इंजिनात पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकाच्या गिअरवर चालतो. त्या गिअरचं तेल वेगळं, थोडंसंच, आणि सहसा कोणी न बदललेलं. ते आटलं की गिअर झिजतात, पंप थांबतो आणि इंजिन तापतं. लहान पुली सुपरचार्जरबरोबर या पंपालाही जोरात पळवते. दुसरीकडे, बेल्ट ओढणाऱ्या क्रँक पुलीत दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर असतं. ते जुनं झालं की सुटतं. त्यावर वाढीव भार टाकायचा तर रबर धड आहे हे आधी माहीत हवं. आतल्या नि बाहेरच्या कड्यावरून रंगाची एक सरळ रेघ मार आणि काही दिवस गाडी चालवून बघ. रेघ तुटली, तर पैसे कुठे घालायचे ते ठरलं. त्याच दिवसांत गेज लावून आजचा बूस्ट मोज. जुन्या गाडीत होज फाटलेला, इंटरकूलरचे रबरी बूट सैल, बायपास व्हॉल्व्ह नीट न मिटणारा, असं काहीतरी निघतंच. हरवलेला बूस्ट आधी परत आण.

तू म्हणशील, हजारोंनी ही पुली बसवली आणि त्यांचं काही बिघडलं नाही. खरं आहे; १५ टक्क्यांची पुली वाजवी मानली जाते, मीही तिला वेडेपणा म्हणत नाही. पण त्यातले बरेच अनुभव गाड्या नव्या असतानाचे आहेत, आणि ज्यांचं इंजिन बसलं ते सल्ले द्यायला सहसा उरत नाहीत. नॉक सेन्सर आहे की, असंही म्हणशील. आहे. तो नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं, ओळखतो आणि इंजिनाचा संगणक (ईसीयू) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे पुलीने दिलेली ताकद तिथेच परत जाते. साध्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर हे होण्याची शक्यता मोठी. चांगल्या पेट्रोलचा खर्च कायमचा धर. तिसरा मुद्दा, नाही आवडली तर मूळ पुली परत लावू. ही पुली शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते. प्रत्येक काढघालीत ती पकड थोडी ढिली होते, म्हणून ‘परत लावू’ हे बोलण्याइतकं सोपं नाही.

तरीही काढायचीच ठरली, तर या पुलीसाठीच बनवलेला पुलर भाड्याने घे. साध्या तीन पायांच्या पुलरने कड फुटते. पुलरचा जोर शाफ्टच्या नेमक्या मध्यावर पडला पाहिजे. हातोडा जवळ ठेवूच नकोस: आतल्या रोटरमधली फट मिलिमीटरच्या अंशांची असते आणि एका ठोक्याने बेअरिंगला डाग पडतो. जुनी पुली शाफ्टवर किती आत आहे ते काढण्यापूर्वी कॅलिपरने मोजून लिहून ठेव. नवी तेवढ्याच खोलीवर बसली नाही तर बेल्ट तिरका पळेल. नवी चढवताना गरम करायची तर बाजूला, शाफ्टपासून दूर. पुलीच्या मागेच तेलाचं सील आहे, त्याला ज्वाला दाखवू नकोस. जुना बेल्ट सैल वाटला तर थोडा आखूड घे. लहान पुलीवर बेल्टचा विळखा कमी पडतो आणि तो घसरला की वाढवलेला बूस्ट नेमका वरच्या फेऱ्यांत नाहीसा होतो.

आणि इन्शुरन्स. ब्रिटनमध्ये गाडीतला असा बदल कंपनीपासून लपवलास तर अपघाताच्या दिवशी पॉलिसी कामाची उरणार नाही अशी वेळ येऊ शकते. तरुण ड्रायव्हरचा हप्ता आधीच जबर, त्यात ही भर किती पडते ते आधी विचार. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत पुलीचं खोकं फोडू नकोस. सीलबंद असेल तर दुकानदार परत घेण्याची शक्यता तरी राहते.

तुझा,
अविनाशमामा