पालापाचोळा, ओढा आणि न मोजलेले श्रम

नदीविकासाचा विचार आपण बहुधा धरण, सिंचन आणि प्रदूषण या अंगांनी करतो. नदीतील अन्नसाखळी कोठे सुरू होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वनाच्छादित डोंगराळ प्रदेशात त्याचे उत्तर ओढ्यांत पडणाऱ्या पालापाचोळ्यात सापडते.

दाट सावलीमुळे अशा ओढ्यांत शेवाळाची वाढ बेताचीच होते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या बेअर ब्रुक या ओढ्याचा ऊर्जा-ताळेबंद फिशर व लायकेन्स यांनी १९७३ मध्ये मांडला. ओढ्याला मिळणारी ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काठावरील वनातून येते, असे त्यांना आढळले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर ओढा ‘आयाती’वर जगतो.

विघटनाचे टप्पे

पहिल्या टप्प्यात, पान पाण्यात पडल्यावर एक-दोन दिवसांतच त्यातील विद्राव्य द्रव्ये झिरपून जातात. दुसऱ्या टप्प्यात बुरशी व जीवाणू पानावर वाढून ते मऊ व पौष्टिक करतात. कोरड्या भाकरीला कालवणाची जोड मिळावी, तसा हा प्रकार असतो. तिसऱ्या टप्प्यात अपृष्ठवंशीय जीव कामाला लागतात. आहारपद्धतीनुसार त्यांचे चार प्रमुख गट पडतात : पाने कुरतडणारे (कॅडिसफ्लाय व स्टोनफ्लायच्या काही अळ्या), सूक्ष्म कण गोळा करणारे किंवा गाळून घेणारे, दगडांवरील शेवाळ खरवडणारे आणि भक्षक. कुरतडणाऱ्यांच्या विष्ठेतून व उरलेल्या तुकड्यांतून तयार झालेले कण प्रवाहाबरोबर खाली जातात आणि तेथील जीवांचे अन्न बनतात. उगमापासून मुखापर्यंतची ही साखळी व्हॅनोट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ‘नदी-सातत्य संकल्पना’ म्हणून मांडली.

साखळी तुटल्यास काय होते?

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कोवीटा येथील दोन प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. पहिल्या प्रयोगात एका ओढ्यात कीटकनाशक सोडण्यात आले. त्याचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले : कीटक वाहून गेले, पानांचे विघटन मंदावले आणि खाली जाणारे सूक्ष्म अन्नकण घटले. दुसऱ्या प्रयोगात ओढ्यावर जाळे पसरून पाने अडविण्यात आली. त्यामुळे पाने खाणारेच नव्हे, तर त्यांच्यावर जगणारे भक्षकही कमी झाले, असे १९९७ च्या शोधनिबंधात नमूद आहे. काठावरचे वन आणि ओढ्यातील कीटक यांपैकी एकाची हानी झाली तरी तोटा खालच्या पाण्याला सोसावा लागतो, हा या प्रयोगांचा अर्थ आहे.

हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. उष्ण कटिबंधातील अनेक ओढ्यांत पाने कुरतडणारे कीटक कमी असतात. तेथे सूक्ष्मजीवांचा वाटा मोठा असतो आणि काही ठिकाणी खेकडे व कोळंबीही हे काम करतात. तथापि, काठावरील वृक्षांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

धोरणासाठी बोध

२००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने परिसंस्था-सेवांचे पुरवठा, नियमन, सांस्कृतिक व आधारभूत असे चार वर्ग केले. पोषकद्रव्यांचे चक्रीकरण हे आधारभूत सेवेचे ठळक उदाहरण होय. या सेवेला बाजारात किंमत नाही. त्यामुळे स्थूल देशांतर्गत उत्पादनात ती दिसत नाही आणि ती नष्ट झाली तरी तोटा नोंदला जात नाही. ही उणीव दूर करण्याच्या दिशेने संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये परिसंस्था-लेखांकनाची चौकट स्वीकारली.

भारतात गंगेसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान पर्यावरणीय प्रवाह अधिसूचित झाला; परंतु पाण्याइतकाच पानांचा प्रवाहही महत्त्वाचा आहे. प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, २०१६ अन्वये लागवड करताना किती झाडे लावली, याबरोबरच ओढ्याकाठी कोणती लावली, हेही तपासले पाहिजे. निलगिरीसारख्या एकाच जातीची लागवड स्थानिक मिश्रवनाची जागा घेऊ शकत नाही. तिची तैलयुक्त, नायट्रोजन कमी असलेली पाने जलजीवांना निकृष्ट अन्न ठरतात. ओढ्याकाठचा स्थानिक वृक्षांचा पट्टा राखणे हा नदीसंवर्धनाचा तुलनेने स्वल्पखर्ची मार्ग आहे. नदीची निगा मुखाशी नव्हे, उगमाशी सुरू होते.