तव्यावरचे मासे आणि घडीची भाकरी : कमी तेलाच्या स्वयंपाकाचा एक पाठ

रुग्णालयातून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती आपण आहारविषयक छापील पत्रक देतो. जुन्या पत्रकात 'वर्ज्य' या मथळ्याखाली 'तळलेले वडे, भजी, मासे' अशी एक ओळ होती. 'तळलेले' हे विशेषण तिन्ही पदार्थांना लागू आहे, असे आम्ही गृहीत धरले होते. वाचणाऱ्यांनी तसे वाचले नाही. मुळा धरणाच्या काठच्या एका गावातून हृदयविकाराच्या फेरतपासणीसाठी येणाऱ्या रुग्णाच्या पत्नीने एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन विचारले, "साहेब, कागदावर मासे बंद लिहिलंय. डाळ आम्हाला इकत आणावी लागती, मासे घरचे. मग ह्यांना द्यायचं तरी काय?" मासेमारीवर जगणारे ते कुटुंब. चार महिने घरात मासे शिजत होते आणि आजारी माणसाच्या ताटात मात्र भाकरी व चटणी एवढेच पडत होते. त्या पत्रकाचा मजकूर तपासून छपाईला देणारा मीच होतो.

ती ओळ आता बदलली आहे. परंतु 'मासे कमी तेलात करावेत' एवढे छापून भागत नाही, हे त्यानंतरच्या बोलण्यांतून ध्यानी आले. कमी तेलात म्हणजे किती, आणि तेल कमी घातल्यावर मासा तव्याला चिकटून त्याचा चुरा होतो त्याचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. आमच्या आहारतज्ज्ञ भगिनींशी चर्चा करून व स्वतःच्या घरी अनेकदा करून पाहून हा पाठ लिहिला आहे.

आरंभीच एक खुलासा करणे उचित होईल. आपल्या रुग्णालयाचे अन्नछत्र देणगीदारांच्या इच्छेनुसार पूर्णपणे शाकाहारी आहे व तसेच राहील. ज्यांच्या गळ्यात माळ आहे किंवा ज्यांच्या घरी सामिष चालत नाही, त्यांच्यासाठी हा लेख नाही. तथापि आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत अकोल्याच्या डोंगरातील आदिवासी आहेत, मुळा व प्रवराकाठचे मच्छीमार आहेत, जायकवाडीच्या फुगवट्यालगतच्या शेवगाव-नेवासा भागातील भूमिहीन कुटुंबे आहेत. त्यांच्या घरातील प्रथिनांचा सर्वांत हाताशी असलेला स्रोत मासा हाच आहे. तो पत्रकातील एका स्वल्पविरामाने काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे 'आपल्याकडे कुठले मासे' असे शहरातील मंडळी म्हणतात. वास्तविक 1926 साली पूर्ण झालेले भंडारदरा, बारागाव नांदूरचे मुळा धरण आणि नाथसागराचे पाणी यांमुळे गोड्या पाण्यातील मासा येथे चांगला मिळतो. कटला, रोहू व मृगळ यांचे बीज जलाशयांत सोडले जाते. चिलापी आता सर्वत्र पसरली आहे. मरळ व वाम यांना मागणी अधिक, म्हणून भावही अधिक. 100 ग्रॅम रोहूच्या मांसात साधारणतः 17 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी फारच थोडी. हृदयाला हितकर समजली जाणारी ओमेगा-3 मेदाम्ले मात्र बांगडा, तारली यांसारख्या समुद्री माशांत अधिक असतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2018 साली आठवड्यातून एक-दोन वेळा मासे खाण्याची शिफारस केली, त्यात 'न तळलेले' ही अट स्पष्ट होती. म्हणजे आमच्या पत्रकातील ते विशेषण महत्त्वाचेच होते, फक्त त्याची जागा चुकली होती.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून तेलाचा विचार हिशेबाने करतो. तळणीला बसण्यापूर्वी कढईत किती तेल ओतले ते मोजावे, ही आरंभीची शिल्लक. तळण संपल्यावर तेल निवू द्यावे व पुन्हा मोजावे, ही अखेरची शिल्लक. मधला फरक कुटुंबाच्या पोटात गेला. चहाच्या एका लहान चमच्यात सुमारे साडेचार ग्रॅम तेल मावते व त्यातून 40 उष्मांक मिळतात. फरक किती चमच्यांचा निघाला हे एकदा पाहिले की उपदेशाची गरज उरत नाही. आमच्या घरी हा हिशेब मांडला, तेव्हा सौभाग्यवतींनी प्रथम माझ्या हातातले माप काढून घेतले आणि आकडा पाहिल्यावर परत दिले. पुढे दिलेल्या कृतीत अर्धा किलो माशांना, म्हणजे चार माणसांना, मिळून दोन लहान चमचे तेल लागते.

मासा ताजा असावा. डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, अशी त्याची खूण. बोटभर जाडीचे तुकडे करून घ्यावेत. धुतल्यावर त्यांना अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा मीठ, लिंबाचा रस आणि आले-लसूण-हिरवी मिरची यांचे वाटण लावून पाव तास ठेवावे. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात : तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावेत. ओला तुकडा तव्यावर पडला की तव्याची उष्णता पाणी आटवण्यात खर्च होते, मासा भाजण्याऐवजी शिजू लागतो आणि चिकटतो. टिपल्यानंतर ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ अगदी नावापुरते भुरभुरावे. रव्याचा जाड थर देऊ नये, तो तेल पितो.

तवा बिडाचा किंवा लोखंडी असावा. अनेक घरांत भाकरीचा तवा आणि माशांचा तवा वेगळा असतो. ती प्रथा सोवळ्याची म्हणून पडली असेल, पण सोयीचीही आहे. भाकरीचा तवा कोरडा असतो व त्यावर मासा हमखास चिकटतो. माशांचा तवा वापरून वापरून तेलकट काळा झालेला असतो, तो सुटू देतो. तवा आधी चांगला तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो गोळी होऊन पळू लागला म्हणजे तवा तयार झाला. एक चमचा तेल सोडून अर्ध्या कापलेल्या कांद्याने ते सर्वत्र फिरवावे. तुकडे ठेवल्यावर तीन-चार मिनिटे त्यांना हात लावू नये. खालची बाजू भाजून कडक झाली की तुकडा आपण होऊन सुटतो. सुटत नसेल तर तो अजून तयार नाही, उलथन्याने ओरबाडण्यात अर्थ नाही. उलटताना उरलेला चमचाभर तेल कडेने सोडावे आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे. आतील मांस पांढरे होऊन पापुद्र्यांनी सुटू लागले की उतरवावे. गोड्या पाण्यातील मासा कधीही अर्धकच्चा खाऊ नये.

आता भाकरी. मेक्सिको देशात मक्याच्या लहान, मऊ पोळीत मासा, कोबी व लिंबू घालून ती दुमडून खातात. त्याला टॅको म्हणतात. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, तेव्हा ती पोळी दुमडते. आपल्या ज्वारीची अडचण तीच आहे आणि आपल्या आया-आजींचा उपाय आहे उकळत्या पाण्याचा. एक वाटी पिठाला साधारण एक वाटी उकळते पाणी घालून झाकून ठेवावे व कोमट असतानाच भरपूर मळावे. पिठातील स्टार्च फुगून त्याला चिकटपणा येतो. मालदांडी किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले वसुधा' यांसारखी रब्बीची ज्वारी असेल व पीठ ताजे असेल, तर भाकरी अधिक मऊ होते. नेहमीच्या आकाराची न थापता तळहातापेक्षा थोडी मोठी, पातळ थापावी. विस्तवावर फार कडक न करता लगेच फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवावी. आतल्या वाफेने ती मऊ राहते व दुमडताना तुटत नाही.

भाकरीवर बारीक चिरलेला कोबी, कांदा, कोथिंबीर, त्यावर काटे काढून मोकळा केलेला मासा, वरून लिंबू पिळून घडी घालावी. परदेशात यावर दह्यासारखे काही घालतात. आपल्याकडे माशांबरोबर दूधदुभते नको असे अनेक घरांत मानतात आणि तो नियम मोडण्याचे काही कारण नाही. त्याऐवजी जवसाची चटणी किंवा कैरीचा कीस उत्तम लागतो. चटणीतील मीठ मात्र हिशेबात धरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसभरात सर्व मिळून 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक लहान चमचाही नव्हे, इतके मीठ पुरे. याच कारणास्तव आठवडे बाजारातील सुकट व खारे बोंबील हे रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांना ताज्या माशाला पर्याय म्हणून देऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्यांना माशाने अंगावर पित्त उठते किंवा दम लागतो, त्यांनी हा प्रयोग करू नये.

काट्यांविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण घडीच्या भाकरीत काटा दिसत नाही. रोहू-कटल्याच्या मांसात दुफाट्याचे बारीक काटे असतात. शेपटीकडे ते अधिक त्रास देतात, पोटाकडील तुकड्यात मोठ्या फासळ्या असतात व त्या सहज निघतात. म्हणून वृद्ध व मुलांसाठी पोटाकडील तुकडे घ्यावेत, किंवा ज्यांत बारीक काटे कमी त्या मरळ-चिलापीची निवड करावी. मासा कोमट झाल्यावर चांगल्या उजेडात बोटांनी चुरून, प्रत्येक चिमूट तपासून मगच भाकरीत घालावा. हे काम दिवेलागणीच्या घाईत करू नये. एवढी काळजी घेऊनही काटा घशात अडकला, तर कोरड्या भाकरीचा किंवा केळ्याचा मोठा घास गिळून तो खाली ढकलण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने काटा अधिक खोल रुततो. खाणे थांबवून रुग्णाला तडक दवाखान्यात आणावे. आपला तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो, आणि अशा रुग्णाला 'मासे का खाल्ले' असे कोणीही विचारू नये, अशी सूचना सर्व कर्मचाऱ्यांना देण्यात आली आहे.