शस्त्रक्रियेनंतरची वेदना : साधकाने सहन किती करावे?

शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या अनेक साधकांच्या तोंडी एक वाक्य असते, ‘गोळी नको, मी नाम घेतो.’ घरच्यांना त्याचे कौतुक वाटते, भेटायला आलेल्यांनाही वाटते. आपणही असे म्हणत असाल, किंवा आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती म्हणत असेल, तर या विषयाकडे थोडे थांबून पाहायला हवे. या वाक्यातील श्रद्धा खरी आहे. मात्र ‘गोळी घेणे म्हणजे साधनेत कमी पडणे’ ही त्यामागची समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत शरीराला मोजावी लागते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सुख-दुःख, शीत-उष्ण सहन करण्याचा उपदेश आहे. तो कोणाला केला आहे, हे लक्षात घ्यावे. समोर कर्तव्य उभे असताना खचून बसलेल्या अर्जुनाला तो आहे. सहन करायचे ते पुढचे कर्म करता यावे म्हणून. त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायातील श्लोक आपल्याला पाठ असतो, सतराव्यातील सहसा आठवत नाही!

महात्मा गांधींचे उदाहरण पाहा. १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर कठोर टीका केली होती. पुढे येरवड्याच्या कारागृहात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा विकार झाला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या प्रकाशात पूर्ण झाले. उपवास आणि देहदंडाचा एवढा अनुभव असलेल्या या माणसाने त्या रात्री क्लोरोफॉर्म घेतला होता.

वेदना दाबून ठेवल्याने काय होते?

गुडघ्याच्या सांधेरोपणाचेच पाहू. या शस्त्रक्रियेत सांधा बसवण्याचे काम शल्यविशारद करतात. तो वाकवण्याचे आणि सरळ करण्याचे काम रुग्णाचे असते. पहिले काही आठवडे याकरिता फार मोलाचे आहेत. दुखते म्हणून पाय हलवला नाही, तर आतील भाग आखडतो आणि पुढे कितीही व्यायाम केला तरी तो पूर्ण मोकळा होईल याची खात्री नसते. पडून राहिल्याने पायातील रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वेगळी अडचण येते. टाके दुखतात म्हणून रुग्ण दीर्घ श्वास घेत नाही, खोकला दाबतो; फुप्फुसात कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. (खोकताना पोटावर उशी घट्ट धरावी, पुष्कळ आराम मिळतो.)

म्हणून वेदनाशामक औषधाचा हेतू वेदना शून्यावर आणणे हा नाही. चालता यावे, खोकता यावे, झोप लागावी, एवढी ती खाली यावी. डॉक्टर ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते?’ असे विचारतात, तेव्हा धीर दाखवण्यासाठी आकडा कमी सांगू नये. सातला तीन सांगितले, तर औषधही तिनाचेच मिळेल.

सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी गोळी घ्यावी, असह्य होईपर्यंत थांबू नये. वेदना एकदा चढली की उतरवायला जास्त औषध लागते. डॉक्टरांना विचारून एखादी मात्रा व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ बसवावी. पॅरासिटामॉल प्रौढ व्यक्तीने २४ तासांत चार ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही तेच औषध असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार किंवा अल्सर असेल, तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत. ट्रॅमाडॉलने मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठता होऊ शकते. अशात एकादशीला साबुदाण्यावर राहणे म्हणजे त्रासात भर! त्या महिन्यातील उपवास राहिले तरी चालतील.

मग साधनेचे स्थान कोणते?

ते मोठे आहे, पण औषधाच्या शेजारी आहे, औषधाच्या जागी नाही. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांना असे आढळले की, रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांनी विचारल्यावरही वेदनाशामक मागितले नाही. जखम म्हणजे त्यांच्यासाठी युद्धातून जिवंत सुटका होती. पुढे १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले की, वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमी-अधिक प्रमाणात अडवले जातात आणि मेंदूकडून खाली येणारे संकेतही त्यावर परिणाम करतात. भीती, एकटेपणा, ‘आता माझे कसे होणार’ हा विचार वेदना वाढवतो. मन शांत असेल, तर तीच वेदना पेलवते. इथे नाम उपयोगी पडते.

पलंगावर पडल्या पडल्या सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. सोडताना मनात नाम घ्यावे. खांदे आणि जबडा सैल सोडावेत, दुखताना ते नकळत आवळलेले असतात. पाच मिनिटे पुरे. कुंभक करू नये. पोटाची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत कपालभाती आणि भस्त्रिका बंद ठेवावी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ध्यानाला खुर्चीवर बसावे. मांडी घालण्याचा हट्ट नको. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्याने बरे वाटते, पण पाय वाकडा राहतो, म्हणून उशी टाचेखाली ठेवावी. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा.

घरच्यांसाठी एक गोष्ट. येणारा प्रत्येक जण ‘फार दुखते का?’ असे विचारतो आणि रुग्ण दिवसातून दहा वेळा तीच कथा सांगतो. त्यापेक्षा कोणी शेजारी बसून भजन लावावे, वर्तमानपत्र वाचून दाखवावे किंवा नुसते गप्प बसावे.

वेदना दिवसागणिक उतरत जाणे अपेक्षित असते, जरी गुडघ्याची सूज काही महिने रेंगाळली तरी. ती अचानक वाढली, जखमेतून पू आला, ताप चढला, पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर सहनशक्तीचा विचारही मनात आणू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करावा. छातीत दुखत असेल किंवा धाप लागली असेल, तर थेट तिथे जावे. सकाळची पूजा आटोपेपर्यंत थांबू नये.